मराठवाड्यात आडबाजूची, परवडणारी जमीन : शोधण्यापासून पहिल्या पावसापर्यंत

पहिली जमीन मी सप्टेंबरात पाहिली. आष्टी तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर, साडेतीन एकर. नाला खळाळत होता, धुऱ्यावर (बांधावर) गुडघ्याएवढं गवत होतं, विहिरीच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडता आले. त्याच संध्याकाळी इसार दिला. खरेदीखत उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये पुन्हा गेलो तेव्हा त्याच विहिरीच्या तळाला ओला गाळ होता, त्यावर मधमाश्या बसलेल्या होत्या आणि मालकाच्या घरचे दोन किलोमीटरवरून घागरी आणत होते. मी माघार घेतली, इसार बुडाला. मालकाला मी दोष देत नाही. उन्हाळ्यात पाणी असतं का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

दुसरी जमीन घेताना दोन वर्षं लावली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. दोन-पाच एकरांत आपलं धान्य, डाळ, तेल, भाजी आणि दूध काढून राहायचं आहे, आणि गावाजवळची किंवा कालव्याखालची जमीन परवडत नाही, अशांसाठी हे आहे. जमिनीत पैसा गुंतवून भाव वाढायची वाट पाहणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

आधी हिशेब, मग जमीन

पाच माणसांचं घर धरा. ज्वारी, बाजरी, गहू मिळून माणशी वर्षाला दीडशे किलो, म्हणजे साडेसात क्विंटल धान्य. कोरडवाहू मध्यम जमिनीत रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल धरून चाला. चांगल्या वर्षी जास्त होईल, वाईट वर्षी नुसता कडबा हाती येईल. म्हणजे धान्यालाच दीड-दोन एकर हवेत. डाळ माणशी दिवसाला ५० ग्रॅम म्हटली तर वर्षाला नव्वद किलो लागते. ती बाजरीत तुरीचे तास घेऊन निघते. तेल महिन्याला पाच किलो म्हणजे वर्षाला साठ. करडईच्या दाण्यातून घाण्यावर पाव हिश्शाच्या आसपास तेल मिळतं, म्हणजे अडीच क्विंटल करडई, म्हणजे पाऊण-एक एकर. भाजीला पाच गुंठे पुरतात, पण त्या पाच गुंठ्यांना बारमाही पाणी हवं. घर, गोठा, कडब्याची गंज आणि चराईची जागा धरली की चार ते पाच एकरांवर येऊन थांबतो.

भारी जमीन असेल आणि खरिपात मूग काढून त्याच रानात रब्बी ज्वारी घेता आली, तर तीन एकरांतही भागतं. दोन एकरांच्या आत धान्य विकत घ्यावं लागेल, हे मनाशी मान्य करून मग पुढे जा.

तुम्हाला शेतजमीन घेता येते का

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथला कूळकायदा पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे : हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ४७ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांकडच्या, आईकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव असेल तर अडचण नाही. नाव लागायचं राहिलं असेल तर ते आधी लावून घ्या. वारसाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, व्हायला वेळ जातो आणि तोवर सौदा थांबत नाही. "शेतकरी दाखला करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे सरकारजमा होऊ शकते.

तुकडेबंदीही लक्षात ठेवा. २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा कोणी स्वस्तात देऊ केला तर खरेदीखत अडतं.

कुठे पाहायचं

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत स्वस्त जमीन तीन प्रकारच्या पट्ट्यांत सापडते. बीडच्या पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार आणि धाराशिवमधलं भूम, वाशी, परंडा : पाऊस कमी, हलकी जमीन, म्हणून भाव कमी. दुसरा पट्टा बालाघाटाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागाचा : गंगाखेडचा डोंगर, अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड. इथे पाऊस बरा, पण जमीन उताराची आणि रस्ते वाईट. तिसरा पट्टा उत्तर-पूर्वेचा : औंढा नागनाथ, कळमनुरी, किनवट, माहूर. किनवट-माहूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, रान हिरवं आहे. पण बरीच जमीन वनखात्याची किंवा आदिवासी बांधवांची आहे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगी लागते, आणि माझं म्हणणं विचाराल तर ती परवानगी मागूच नये. त्या लोकांकडे मुळात थोडं उरलं आहे.

मला दुसरा पट्टा सगळ्यात योग्य वाटतो. पाऊस पुरेसा, आणि उतार असल्यामुळे पाणी अडवायला जागा मिळते.

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेल्यापासून त्याच्या आसपास परवडण्यासारखं काही राहिलेलं नाही. शक्तिपीठ महामार्गाची आखणीही मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांतून प्रस्तावित आहे. तुमचा गट (जमिनीचा क्रमांक) त्यात येतो का, हे तहसीलमध्ये विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

भावाचा अंदाज गावच्या पारावर घ्या, पण विश्वास कागदावर ठेवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गावात झालेल्या खरेद्यांची सूची क्रमांक २, म्हणजे खरेदीखतांचा सारांश, पाहता येते. तीन-चार वर्षांच्या खरेद्या वाचल्या की कोरडवाहूचा आणि विहीर असलेल्या जमिनीचा फरक कळतो. कागदावर रक्कम कमी दाखवायची चाल असते, हेही धरून वाचा.

पाणी : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठवाडा बहुतांशी बेसाल्टवर वसलेला आहे. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळ कुजलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुख्यतः मुरमात आणि भेगाळ खडकात. पाषाण लागल्यावर आणखी खाली गेलं की पाणी लागतंच असं नाही. लागलं तरी ते वर्षानुवर्षं साठलेलं, उपसलं की संपणारं असतं. म्हणून "सातशे फुटांवर दोन इंची पाणी आहे" हे ऐकून खूश होऊ नका. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर २००९ च्या भूजल कायद्याचं बंधन आहे, आणि गावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायलाही परवानगी लागते. पाणाड्याला, म्हणजे हातात नारळ घेऊन पाणी शोधणाऱ्याला, बोलवायचं तर बोलवा, पण आजूबाजूच्या दहा विहिरींची खोली आणि पाणी वहीत लिहून काढा. त्या दहा नोंदी नारळापेक्षा जास्त सांगतात.

विहीर मे महिन्यातच पाहायची. मी दोरीला दगड बांधून दर फुटाला गाठ मारलेली ठेवतो. दगड सोडायचा, तळ लागला की ओढायचा, ओल्या गाठी मोजायच्या. मग मालकाला विनंती करून दोन-तीन तास मोटर चालवायची आणि पाणी किती उतरलं ते पाहायचं. खरी गोष्ट त्यानंतरची : दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा दोरी सोडायची. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढलं म्हणजे सुमारे नऊ हजार लिटर आलं. पाच गुंठे भाजीला मेच्या उन्हात दिवसाला अडीच हजार लिटर आणि घर, जनावरं यांना पाचशे लिटर लागतात. म्हणजे दिवसाला चार इंच चढणारी विहीर तुमचं घर चालवू शकते. बागायतदार त्या विहिरीकडे ढुंकून पाहणार नाही, म्हणूनच ती तुम्हाला परवडेल.

मग शेजाऱ्यांना विचारा, आणि साल सांगून विचारा. "२०१६ च्या उन्हाळ्यात इथे पाणी होतं का?" लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तो उन्हाळा सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या आताच्या शेताच्या शेजारचे एक म्हातारे बाबा विहिरीच्या काठावर बसून म्हणाले, "बप्पा, बहात्तरला आटली नव्हती असं आमची माय सांगायची. सोळाला मात्र आटली. जूनच्या पैल्या पावसात परत आली." मला एवढं पुरलं. कधीच न आटणारी विहीर कोणी सांगितली तर मी जास्त सावध होतो.

विहिरीत वाटा असेल तर तो आण्यांत सांगतात : चार आणे, सहा आणे. सोळा आण्यांत तुमचे किती, पाळी किती दिवसांनी, मोटर कुणाची, वीजबिल कसं वाटायचं, हे खरेदीखतात लिहिलेलं हवं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद हवी. तोंडी पाण्यावरून भावाभावांत डोकी फुटतात, तुम्ही तर बाहेरचे.

विहीर नसेल तर पावसाचा हिशेब करा. एका एकरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास २८ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंच जमिनीत मुरतं, बाकी नाल्याला जातं. वीस मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल आणि उताराच्या कडांचं शेततळं साडेआठ लाख लिटरच्या आसपास धरतं. पण फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत त्यातली मीटरभर उंची ऊनच पिऊन टाकतं, हे धरूनच खोली ठरवा. पसरट तळं उन्हाळ्यात साथ देत नाही. मुरमात तळं काढलं तर प्लास्टिकचा कागद घालावा लागेल. पिण्याच्या पाण्याला मात्र घराचं छपरच उत्तम. पन्नास चौरस मीटर पत्र्यावरून वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार लिटर उतरवता येतं. पाच माणसांचं पिणं आणि स्वयंपाक आठ कोरडे महिने त्याच्या निम्म्यात भागतं.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा जा ते उलट्या कारणासाठी. पाणी कुठे साचतं, नाला कुठवर फुगतो, माती कुठून वाहते ते पाहा. २०२५ च्या सप्टेंबरात पुराने सीनाकाठची आणि इतर नद्या-ओढ्यांकाठची रानं खरडून नेली. काही ठिकाणी मातीच गेली आणि खाली गोटे उरले. ओढ्याकाठची सपाट काळी जमीन दिसायला सुंदर असते. तिथे पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं होतं ते गावातल्या कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील.

कुदळ सोबत न्या

शेतात तीन ठिकाणी, वर, मधे आणि खाली, गुडघाभर खड्डे घ्या. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर ती जमीन बाजरी, मटकी, हुलगा आणि सीताफळाची आहे. दीड हात काळी लागली तर ज्वारी येईल. तीन-चार हात काळी असेल तर पीक उत्तम, पण तिथे घर बांधू नका : उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते आणि भिंत तडकते. आपल्या जुन्या माणसांनी काळी शेताला आणि पांढरी गावाला ठेवली ती उगाच नाही. मला हवी होती ती जमीन अशी : वरच्या अंगाला अर्धा-एक एकर मुरमाड, घराला, गोठ्याला, झाडांना, खालच्या अंगाला तीन एकर मध्यम काळी.

सातबाऱ्यावर पोटखराब क्षेत्र दिसेल. व्यापारी शेती करणाऱ्याला ते नकोसं वाटतं, तुम्हाला ते हवं आहे : चराई, सरपण, शेततळं यासाठी. मात्र अ आणि ब वर्ग पाहा. अ म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य. ब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेलं. ते तुमचं होणार नाही.

रस्ता

आडबाजूची जमीन स्वस्त असण्याचं सगळ्यात मोठं कारण पाण्यानंतर हेच. "गाडी जाते की" असं सांगतील. गाडी जाते ती शेजारी जाऊ देतो म्हणून. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा आणि पांदण किंवा गाडीवाट तुमच्या गटाला टेकते का ते पाहा. टेकत नसेल तर ज्याच्या शेतातून वाट आहे त्याला खरेदीच्या आधी भेटा आणि लेखी, शक्यतो नोंदणीकृत, वाटेचा हक्क घ्या. अडवलेली जुनी वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि नवी वाट मागायला महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण ज्याच्याशी वीस वर्षं शेजार करायचा त्याच्याशी पहिल्याच वर्षी तारखांवर उभं राहावं लागलं, तर जमीन स्वस्त पडली असं म्हणता येणार नाही.

कागद

सातबारा, आठ अ आणि फेरफार ऑनलाइन मिळतात. सुरुवात तिथून करा, शेवट तिथे करू नका. वाचण्याचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा भूधारणा पद्धत. भोगवटादार वर्ग १ असेल तरच पुढे. वर्ग २ म्हणजे विकायला परवानगी लागते : सीलिंगची (कमाल मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सरकारने घेऊन वाटलेली), भूदानाची, पुनर्वसनाची, वतनाची किंवा इनामाची जमीन. मराठवाड्यात मदतमाश आणि खिदमतमाश हे दोन शब्द ऐकू येतील. दोन्ही निजामकाळातल्या इनामाचे प्रकार. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन. ती कोणी कितीही स्वस्तात देवो, हात लावू नका. गायरान किंवा वनजमीन नोटरीच्या कागदावर विकणारेही भेटतात. तो कागद म्हणजे मालकी नव्हे.

मग इतर हक्क : सोसायटीचा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीचे वाटे.

मग फेरफार, आजपासून मागे मागे. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी आली याची साखळी कुठे तुटते ते पाहा. मागे जाता जाता तुम्ही १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमीन कुणाच्या ताब्यात होती याच्या जुन्या नोंदीपर्यंत, पोहोचाल. ते आणि सेतवार (जुन्या मोजणीचा उतारा) तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतं. जुनी नोंद उर्दूत किंवा मोडीत निघाली तर जाणकाराकडून वाचून घ्या. इनाम लपलेलं असतं ते बहुधा इथे. हे काम स्थानिक दिवाणी वकिलाला द्या, तीस वर्षांचा शोध अहवाल लेखी मागा. त्याची फी वाचवू नका.

आणि बहिणी. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. फेरफारात बहिणींची नावं नसतील, किंवा हक्कसोड घाईत झालेलं दिसत असेल, तर प्रत्येक बहिणीला भेटा. सही तर घ्याच, पण तिला जमीन विकली जाते आहे हे माहीत आहे का आणि तिला पैसे मिळणार आहेत का, हेही विचारा. इथे जमीन बहुतेक वेळा हौसेने विकली जात नाही. कर्ज, दवाखाना, लग्न यातलं काहीतरी मागे असतं. घर अडचणीत आहे हे कळल्यावर भाव आणखी पाडायचा मोह होतो. तो टाळा. त्याच घरातला कुणीतरी उद्या तुमच्या शेजारी कुळव हाकणार आहे.

खरेदीखताआधी सरकारी मोजणी करून हद्दी कायम करून घ्या. धुरा कोरण्याची सवय सगळीकडे आहे. कागदावर चार एकर आणि जागेवर पावणेचार हे नेहमीचं. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा, चहा पाजा, दगड त्यांच्यासमोर रोवा.

इसार नोंदणीकृत करारानेच द्या आणि त्यात स्वच्छ लिहा : मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा शोध अहवालात दोष निघाला तर इसार परत. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि शासकीय बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, वर नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. हा खर्च, वकील आणि मोजणी धरून बजेट करा. जमिनीवर सगळे पैसे संपवू नका. तेवढेच पुन्हा कुंपण, पाणी आणि छपराला लागतात.

पहिलं वर्ष

खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेऱ्या मारा. नाव लागलं की त्याच हंगामात मोबाइलवरून ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, करा. सौर पंपाच्या सरकारी योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. आडबाजूला खांब ओढत बसण्यापेक्षा हे बरं.

घराची घाई करू नका. पहिला पावसाळा पत्र्याच्या खोलीत काढा आणि वारा, पाणी, साप यांच्या वाटा पाहा. नंतर बांधाल तेव्हा शेतघराचे नियम ग्रामपंचायतीत आधी विचारा. मातीत दगड रचून वर जड माळवद (मातीचं सपाट छप्पर) टाकायचं घर करू नका, कितीही थंड राहत असलं तरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला अशाच भिंती आणि छपरं झोपलेल्या माणसांवर आली. भिंतीला कोपऱ्यांत बांधणी आणि वरून सलग पट्टा द्या, छप्पर हलकं ठेवा.

जनावरं इथलीच घ्या : दोन उस्मानाबादी शेळ्या, जमलं तर एक देवणी किंवा लाल कंधारी गाय. दूध संकरित गाईइतकं नाही, पण कडब्यावर आणि उन्हात तग धरतात. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांचा विचार पेरणीआधीच करा. सौर झटका तारेशिवाय डोंगरकडेला तूर हाती लागत नाही. बियाण्यासाठी आणि माती तपासणीसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा.

पेरणीच्या आधी, मेच्या अखेरीला, उताराला आडवे समपातळीत चर घ्या आणि त्यांची माती खालच्या अंगाला टाका. मी त्या मातीवर ओळीने सीताफळाच्या बिया टोचल्या, मधे मधे चिंच आणि बोर. ९ जूनला रात्री पाऊस आला. सकाळी चरांमधून फिरलो तर सगळे काठोकाठ भरलेले होते आणि खालच्या काळ्या रानात एकही ओघळ पडला नव्हता. दुपारपर्यंत चर मोकळे झाले. चौथ्या दिवशी दोरी सोडली तेव्हा विहिरीत दोन गाठी जास्त भिजल्या होत्या.